बूस्ट वाढवायच्या आधी: टर्बोला लगाम घालायचा इतिहास

सोलापुरात संध्याकाळी होटगी रोडला नाहीतर विजापूर रोडला उभं राहिलं की रीमॅप मारलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली) पोलो, जुनी लिनिया टी-जेट, कधीतरी एखादी ऑक्टाव्हिया आरएस दिसतेच, आणि पोरांचा प्रश्न ठरलेला असतो, बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) किती ठेवलाय. आकडा सगळेच विचारतात. तो आकडा धरून कोण ठेवतंय हे फार कमी जण विचारतात, आणि मला विचाराल तर टर्बोचा खरा इतिहास तिथंच आहे, कारण हवा दाबायची युक्ती शंभर वर्षांपूर्वीच सापडली होती, ती वेळेवर थांबवायला शिकण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली.

अडचण साधी आहे. एक्झॉस्टचा गॅस टर्बाइन फिरवतो, टर्बाइन कॉम्प्रेसर फिरवतो, जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जळतं, म्हणजे गॅस अजून वाढतो, टर्बाइन अजून जोरात. हे चक्र आपणहून थांबत नाही. म्हणून वेस्टगेट, उजनी भरली की दरवाजे उघडून भीमेत पाणी सोडतात तसं जास्तीचा गॅस टर्बाइनला न लावता बाजूनं सोडून द्यायचा. ते दार कधी उघडायचं, किती उघडायचं, एवढंच बूस्ट कंट्रोल.

स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी यांनी एक्झॉस्टवर चालणाऱ्या टर्बोचं पेटंट १९०५ साली घेतलं. पण जहाजावर त्याला लगाम लागत नव्हता, जहाजाचं इंजिन एका ठरावीक वेगावर तासन्‌तास चालतं, तिथं टर्बोचं मापच असं निवडता येतं की तो डोईजड होत नाही. आपल्या हायवेवरच्या डिझेल ट्रकांचंही पुष्कळ वर्षं तेच होतं. सोलापुरातल्या जुन्या मेकॅनिकांना टर्बो माहीत झाला तो ट्रकमधूनच, टर्बो ऑइल फेकतोय, पंप वाढवलाय, ही भाषा तिथली. बूस्ट कंट्रोल हा शब्द त्या भाषेत नव्हता कारण गरजच पडली नाही.

गरज पहिल्यांदा पडली ती विमानात. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन सुमारे १४,००० फुटांवरच्या पाइक्स पीक डोंगरावर नेऊन दाखवून दिलं की विरळ हवेत गेलेली ताकद टर्बो परत आणतो. पण विमान जसं वर जातं तसा बाहेरचा दाब कमी होतो, टर्बाइनच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि चाक हाताबाहेर पळायला लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ बॉम्बरमध्ये चार इंजिनांना चार टर्बो होते आणि आधी वेस्टगेट ऑइलवर चालणाऱ्या रेग्युलेटरने हलायचा, वर थंडीत ते ऑइल घट्ट व्हायचं आणि बूस्ट भलतीकडेच जायचा. मग मिनियापोलिस-हनीवेलने इलेक्ट्रॉनिक कंट्रोल दिला, चारही इंजिनांचा बूस्ट एका नॉबवर. आज डॅशबोर्डवर बूस्टचा डायल लावणाऱ्या पोरांनी हे जरूर वाचावं, त्यांच्या त्या डायलचा पूर्वज बॉम्बरच्या कॉकपिटमध्ये होता.

कारमध्ये हे आलं १९६२ साली, आणि एकाच कंपनीने, जनरल मोटर्सने, एकाच वर्षी दोन उलट मार्ग धरले. शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या टर्बो मॉडेलला वेस्टगेट दिलाच नाही, एक्झॉस्टच एवढा कोंडून ठेवला की बूस्ट फार वर जाऊच शकत नव्हता. ओल्ड्समोबिल जेटफायरला मात्र वेस्टगेट होता, बूस्ट साधारण ५ पीएसआय (दाबाचं एकक), पण कॉम्प्रेशन १०.२५ चं, म्हणजे सिलिंडरात मिश्रण तेवढ्या पट दाबलं जाणार, मग नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसणं) होणारच. त्यावर उपाय म्हणून वेगळ्या टाकीतून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायचे, आणि ती टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट अडवायची. डोकं जबरदस्त लावलं होतं. पण लोक टाकी भरायला विसरायचे, गाडी मंद पडली म्हणून तक्रार करायचे, शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली.

पोर्शाने हा विषय रेसिंगमध्ये सोडवला. १९७२-७३ च्या उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम सिरीजमधल्या ९१७ गाड्यांमध्ये वेस्टगेट नीट बसवला, ९१७/३० मध्ये तर ड्रायव्हरच्या हाताशी बूस्टचा नॉब होता, आणि तोच अनुभव १९७५ च्या ९११ टर्बोमध्ये रस्त्यावर आला. फॉर्म्युला वनमध्ये १९७७ ला रेनॉ टर्बो घेऊन आली, दहा वर्षांत बूस्ट इतका चढला की १९८७ ला ४ बारची (एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय), १९८८ ला अडीच बारची मर्यादा घालावी लागली आणि १९८९ पासून टर्बोच बंद, ते थेट २०१४ पर्यंत.

पण मला सगळ्यात मोठं पाऊल वाटतं ते स्वीडनच्या साबचं. तोपर्यंत वेस्टगेट म्हणजे डायफ्रॅम (दाबाने हलणारा पडदा), स्प्रिंग आणि एक होज, स्प्रिंगच्या दाबाला दार उघडणार, पेट्रोल चांगलं असो वा भेसळीचं. साबने १९८२ च्या मॉडेलपासून एपीसी नावाचं बूस्ट कंट्रोल आणलं, पेर गिलब्रांड हे त्यामागचं नाव. इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर, त्या होजवर सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप), नॉकिंग ऐकू आलं की बूस्ट खाली, शांत झालं की परत वर. म्हणजे बूस्ट किती हे आता इंजिनच सांगायला लागलं. आजचे ईसीयू, म्हणजे इंजिनचे कॉम्प्युटर, हेच करतात, फक्त कितीतरी जास्त बारकाईने.

आणि नेमक्या याच होजमधून जपानी ट्यूनिंगचा सगळा बाजार उभा राहिला. कारण युक्ती अशी की कॉम्प्रेसरपासून ॲक्चुएटरकडे (वेस्टगेटचं दार हलवणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या होजमधली थोडी हवा बाहेर सोडली की ॲक्चुएटरला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, तो दार उशिरा उघडतो आणि बूस्ट चढतो. साधा ब्लीड व्हॉल्व्ह हेच करतो, एचकेएससारख्या कंपन्यांचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरही शेवटी हेच करतात. १९८९ च्या निसान स्कायलाइन आर३२ जीटी-आरमध्ये तर कंपनीने त्या होजमध्ये एक छोटा रिस्ट्रिक्टर घातला होता, तो काढला की बूस्ट एक बारच्या आसपास जायचा, आणि त्याच्यापुढे गेलं की सिरॅमिकची टर्बाइन चाकं फुटायची. कंपनीनं आकडा जिथं ठेवलाय तिथं तो का ठेवलाय हे कळायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

इथं एक गोष्ट आपल्या पोरांना कळकळीने सांगावीशी वाटते. कुठलाही कंट्रोलर स्प्रिंगच्या दाबापेक्षा बूस्ट खाली आणू शकत नाही, तो फक्त वाढवू शकतो. आणि मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) टाकला की गॅस इतका सहज वाहतो की छोट्या वेस्टगेटला तो पूर्ण सोडता येत नाही, दार सताड उघडं असूनही वरच्या आरपीएमला काटा चढतच राहतो, याला बूस्ट क्रीप म्हणतात. त्यावर कंट्रोलर घालून उपयोग शून्य, वेस्टगेटचं भोक मोठं करणं किंवा बाहेरचा मोठा वेस्टगेट बसवणं हाच उपाय. ईसीयूला इंजिन वाचवायला फ्युएल कट मारावा (इंधन तोडावं) लागतोय तरी लोक सेटिंगच फिरवत बसतात, वाईट वाटतं बघून.

भारतात हे सगळं उशिरा आलं. लिनिया टी-जेट २०१० ला, पोलो जीटी टीएसआय २०१३ ला, अबार्थ पुंटो १४५ एचपी घेऊन २०१५ ला. टी-जेटला ती जुनी होज आहे. नंतरच्या १.० टीएसआयमध्ये ॲक्चुएटरच इलेक्ट्रिक, मोटर थेट दार हलवते, तिथं ब्लीड व्हॉल्व्ह लावायला होजच नाही, जे काय करायचं ते मॅपमध्येच.

आणि सोलापूरचं ऊन. ४२ डिग्रीची हवा एक बारने दाबली तर कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना ती १४० च्या घरात असते, इंटरकूलर (ती हवा गार करणारा भाग) कितीही मोठा लावा, बाहेरच्या ४२ च्या खाली तो नेऊ शकत नाही. डिसेंबरच्या रात्री सेट केलेला मॅप एप्रिलच्या दुपारी नॉक करतो तो यामुळं, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागं ओढतो, मग पोरगं म्हणतं गाडी ओढत नाही, बूस्ट अजून वाढव.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, आणि आपला जिल्हा तर साखर कारखान्यांचा. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही आणि बाष्प होताना हवा गार करतं, जेटफायरच्या त्या टाकीतलं मिथेनॉलही त्याच कामाला होतं. पण लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, आणि इंजेक्टर आधीच काठावर चालत असतील तर फुल थ्रॉटलला मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. आधीच्या पेट्रोलवर रीमॅप करून घेतलेल्या गाड्यांचा लॉग (चालताना सेन्सरनी केलेल्या नोंदी) आता परत काढायला हवा, आणि काढायचाच तर एप्रिल-मे मध्ये, दुपारी.