पडद्यावर शिकलेला तज्ज्ञ कच्चा असतो का?

कोविडच्या साथीत ज्यांचे प्रशिक्षण ऑनलाइन झाले ते तज्ज्ञ डॉक्टर कच्चे राहिले, आणि ही पद्धतच मुळी २०२० मध्ये नाइलाजाने जन्माला आली, असा समज अजूनही टिकून आहे. त्यातला दुसरा भाग तर सरळच चुकीचा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्येच ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला होता. त्यात दूरच्या दवाखान्यांतील आणि तुरुंगांतील डॉक्टर दृक्‌श्राव्य बैठकीत नाव वगळून आपल्या रुग्णाची हकिकत, तपासण्यांचे आकडे आणि स्वतःचा अंदाज मांडत, आणि मग तज्ज्ञ त्यावर प्रश्न विचारत. या डॉक्टरांनी उपचार केलेल्या हेपटायटिस सी (यकृताचा विषाणूजन्य आजार) रुग्णांपैकी ५८.२ टक्के, तर विद्यापीठाच्या दवाखान्यातील ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

मात्र नुसते व्याख्यान ऐकत बसणे, तेही आवाज बंद ठेवून चहा पीत, याला हे श्रेय देता येणार नाही.

समजाच्या पहिल्या भागात थोडे तथ्य आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. टाका घालताना धागा किती ताणावा हे बोटांनाच कळते. साथीत तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्याने अनेक शिकाऊ शल्यचिकित्सकांची ती संधी हुकली, आणि वर्ग ऑनलाइन नसते तरी ती हुकलीच असती.