अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या आईबाबांसाठी: पहिल्या भेटीआधी वाचायचं पत्रक

नमस्कार.

आमच्याकडे फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "किती महिन्यांत बंद होईल?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं उत्तर तारखेत देता येत नाही. अडखळणं कायमचं घालवणारं खात्रीचं औषध आजवर निघालेलं नाही. कुणी तशी हमी देत असेल तर पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा. आम्ही ज्यासाठी झटतो ती गोष्ट वेगळी आहे. तुमच्या मुलाला जे सांगायचं असेल ते त्याने सांगावं, ज्याला सांगायचं असेल त्याला सांगावं, आणि अडखळलं तरी वाक्य पुरं करावं. बोलणं पुष्कळदा सोपंही होतं. पण धीर आधी येतो आणि सफाई त्याच्या मागून येते, असाच आमचा अनुभव आहे.

हे नेमकं काय असतं

लहान मूल 'र'ला 'ल' म्हणतं, ते बोबडं बोलणं. तोतरेपणा त्याहून वेगळा. इथे मुलाला शब्द माहीत असतो, तो कसा उच्चारायचा हेही माहीत असतं, फक्त त्या क्षणी तो बाहेर पडत नाही. कधी पहिलाच आवाज पुन्हापुन्हा येतो: "प-प-प-पाणी". कधी आवाज ताणला जातो: "सऽऽऽकाळी". कधी तोंड उघडलेलं असतं, ओठ तयार असतात आणि आवाजच येत नाही. ही तिसरी तऱ्हा सर्वांत त्रासाची. बाहेरून ती दोन सेकंदांची शांतता दिसते, आत मूल दार ढकलत उभं असतं. मग ते दार उघडायला डोळे मिटणं, मान झटकणं, पाय आपटणं सुरू होतं. एकदा पाय आपटल्यावर योगायोगाने शब्द सुटलेला असतो, म्हणून तीच सवय लागते.

आपल्या भाषेनेही या मुलांवर थोडा अन्याय केला आहे. घाबरलेल्या माणसाची त-त-प-प होते असं आपण सहज म्हणतो, आणि त्यामुळे उलटाही अर्थ लावतो: ज्याचं त-त-प-प होतं तो घाबरट. हे खरं नाही. भीतीने अडखळणं वाढतं, पण त्याचं मूळ भीतीत नसतं. कित्येक मुलं स्वभावाने धीट, बडबडी असतात. वर्षानुवर्षं हसं झाल्यावर ती घाबरू लागतात.

कशामुळे होतं

तुमच्यामुळे नाही. हे वाक्य आम्ही दरवेळी स्पष्टपणे म्हणतो, कारण बऱ्याच आया स्वतःला दोष देत येतात. तुम्ही ओरडलात म्हणून, नोकरी केलीत म्हणून, दुसरं बाळ झालं म्हणून हे सुरू झालेलं नाही. बोलण्याची वेळ साधणारी, म्हणजे कुठला स्नायू कोणत्या क्षणी हलावा हे ठरवणारी मेंदूतली जोडणी या मुलांमध्ये थोडी वेगळी असते, असं मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आलं आहे. आनुवंशिकतेचाही वाटा मोठा असतो. घरात आजोबा, काका, मामा कुणी अडखळत असेल तर आम्हाला जरूर सांगा.

जीभ जड असते म्हणून असं होतं, हा समज फार जुना. 1841 मध्ये डिफेनबाख नावाच्या जर्मन शल्यविशारदाने तोतरेपणावर उपाय म्हणून चक्क रुग्णांच्या जिभा कापून पाहिल्या. त्यातून निष्पन्न काही झालं नाही, लोकांचे हाल तेवढे झाले. जीभ निर्दोष असते. तुमचं मूल गाणं म्हणताना, सगळ्यांबरोबर एका सुरात कविता म्हणताना किंवा एकटंच खेळण्यांशी बोलताना जवळजवळ अडखळत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. जीभ तर तीच असते. म्हणून तोंडात गोट्या ठेवणं, जिभेला काहीबाही चोळणं, डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावणं यातलं काहीही करू नका.

वाट पाहावी की लगेच यावं

सुरुवात साधारण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान होते, नेमकी मूल भराभर नवी वाक्यं शिकत असतं तेव्हा. शंभरातली पाच ते आठ मुलं कधी ना कधी या टप्प्यातून जातात, आणि त्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक मुलांचं अडखळणं पुढे थांबतं. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून कमी उरतं. मुलींमध्ये आपोआप थांबण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे मोठेपणी एका स्त्रीमागे साधारण चार पुरुष अडखळताना दिसतात.

म्हणजे "होईल आपोआप बरं" म्हणणारी आजी बऱ्याचदा बरोबर ठरते. पण कोणत्या मुलाचं थांबेल हे आधी सांगता येत नाही. सहा महिने ते वर्ष उलटूनही अडखळणं चालूच असेल, घराण्यात कुणाचं मोठेपणीही तसंच राहिलं असेल, किंवा सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली असेल, तर वाट पाहू नका. आणि मूल स्वतःच म्हणालं, "आई, मला बोलता का येत नाही?", तर महिने मोजू नका, त्याच आठवड्यात या.

आम्हाला जास्त काळजी कशाची वाटते

अडखळण्याची नाही. गप्प होण्याची.

सात-आठ वर्षांचं मूल शब्द बदलायला शिकतं. "पाणी" अडेल असं वाटलं की "तहान लागली" म्हणतं. "ते हे", "आपलं ते" असं करत अवघड शब्दाला वळसा घालतं. उत्तर येत असूनही "माहीत नाही" म्हणतं. वर्गात हात वर करत नाही, फोन वाजला की बाथरूममध्ये जातं. घरच्यांना वाटतं, वा, अडखळणं कमी झालं! शिक्षकांना वाटतं, शांत मुलगा आहे. खरं तर त्या मुलाने आपलं बोलणं अर्ध्यावर आणून ठेवलेलं असतं, आणि उरलेलं अर्धं बोलतानाही पुढच्या वाक्यात कुठे अडणार याचा हिशेब डोक्यात चालू असतो. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही. म्हणूनच "नाव काय तुझं?" हा सगळ्यात सोपा प्रश्न या मुलांना सगळ्यात अवघड जातो.

हे गप्प होणं येतं कुठून? 1939 मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अनाथालयातल्या 22 मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतली सहा मुलं चांगली बोलत होती. त्यांना मुद्दाम सांगण्यात आलं की तुमचं बोलणं बिघडलं आहे, अडखळू नका, नीट बोलता येणार नसेल तर बोलूच नका. ती मुलं तोतरी झाली नाहीत. पण ती कमी बोलू लागली, बुजरी झाली, तोंड उघडण्याआधी थबकू लागली. त्या निर्दयपणाबद्दल विद्यापीठाने 2001 मध्ये माफी मागितली. आम्ही ही हकिकत पालकांना सांगतो, कारण टोकल्याने काय होतं ते त्यात उघड दिसतं. टोकल्याने मूल गप्प होतं. आणि आधीच अडखळणाऱ्या मुलाला आपण दिवसातून किती वेळा टोकतो!

घरी ऐकताना

"सावकाश बोल." "दीर्घ श्वास घे." "आधी विचार कर, मग बोल." हे सगळं प्रेमानेच म्हटलं जातं. मुलाच्या कानावर मात्र वेगळं पडतं: तू काय सांगतोयस ते राहू दे, तू कसं बोलतोयस ते मी बघतोय. त्याने काय बोलायचं याचा विचार केलेलाच असतो, त्याला सल्ला नको असतो, वेळ हवा असतो.

तेव्हा ते अडलं की त्याच्याकडे नेहमीसारखं बघत राहा. डोळे वळवू नका, मोबाइल हातात घेऊ नका, चेहऱ्यावर ताण आणू नका. वाक्य तुम्हाला ओळखू आलं असलं तरी पुरं करू नका. बऱ्याचदा तुमचा अंदाज चुकतो, मग मुलाला तुमचा शब्द खोडून पुन्हा आपल्या शब्दापाशी यावं लागतं. कधीकधी तर ते कंटाळून तुमचाच शब्द मान्य करून टाकतं. दहा सेकंद फार लांब वाटतात हे आम्हाला ठाऊक आहे. थांबा तरीही.

त्याला सावकाश बोलायला सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतः सावकाश बोला. त्याचं वाक्य संपल्यावर एक क्षण जाऊ द्या, मग उत्तर द्या. प्रश्नांची सरबत्ती थांबवा. "आज शाळेत काय झालं? डबा खाल्लास? बाई काय म्हणाल्या?" याऐवजी तुमच्या दिवसातली एखादी गोष्ट सांगा आणि गप्प बसा. दिवसातून पाचच मिनिटं मूल आणि तुम्ही एकटे, खेळ त्याच्या आवडीचा, बाकी कुणी मध्ये बोलायचं नाही. या पाच मिनिटांचा उपयोग एखाद्या मोठ्या उपायापेक्षा जास्त होताना आम्ही पाहिला आहे. घरात भावंडं असतील तर बोलण्याच्या पाळ्या ठरवा. पाळी मोडली तर धाकट्यालाही थांबवायचं आणि पाहुण्यांनाही.

पाहुण्यांसमोर "काकांना कविता म्हणून दाखव" हे मात्र कृपा करून बंद करा.

अडखळण्याबद्दल घरात बोलायला घाबरू नका. बरेच पालक तो शब्दच उच्चारत नाहीत, मुलाला वाईट वाटेल म्हणून. ज्या गोष्टीबद्दल आईबाबाही बोलत नाहीत ती नक्कीच भयंकर असणार, असं मग मूल समजून बसतं. "आज तो शब्द जरा अडला ना? होतं तसं. मला तुझी गोष्ट कळली" इतकं साधं बोलणं पुरतं.

आणि कौतुक करताना "आज एकदाही अडला नाहीस, शाब्बास!" असं म्हणू नका. उद्या ते अडणार आहे, आणि तेव्हा आपण नापास झालो असं त्याला वाटेल. कौतुक धाडसाचं करा: "तू स्वतः विचारलंस ना त्यांना, छान केलंस." सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सिडनीत 1980च्या दशकात तयार झालेली लिडकम नावाची एक पद्धत आहे, तिच्यात सफाईदार बोलण्याचंही कौतुक करतात. पण किती, कधी आणि कोणत्या शब्दांत करायचं हे पालकांना आधी शिकवावं लागतं. ते आम्ही तुमच्यासमोर बसून शिकवू. ऐकीव माहितीवर सुरू करू नका.

आमच्या खोलीत काय होतं

मोठ्या मुलांबरोबर आधी भरपूर गप्पा. मग आरशासमोर आपण नेमकं कुठे अडकतो याचा शोध: ओठांवर, जिभेच्या टोकाला की घशात? 'प' म्हणताना ओठ किती जोरात दाबले जातात? तेच ओठ हलकेच टेकवले तर? अडकलेल्या शब्दातून धडपडत सुटण्याऐवजी ताण सैल करत घसरून बाहेर यायला शिकवतो. मग मुद्दाम अडखळायला लावतो. पालक यावर चमकतात. पण जी गोष्ट मूल आपणहून, हसत करू शकतं तिची दहशत कमी होते. या वाटेचा पाया घालणारे चार्ल्स व्हॅन रायपर (1905–1994) स्वतः अडखळत बोलत. ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज 1926 पासून लायोनेल लोग या थेरपिस्टकडे शिकला. त्याचं अडखळणं पुरतं कधीच गेलं नाही. तरी 3 सप्टेंबर 1939 ला, युद्ध जाहीर झालं त्या दिवशी, तो थांबत थांबत साऱ्या देशाशी रेडिओवरून बोलला.

खोलीत जमलेलं बाहेर जमेलच असं नसतं, म्हणून आम्ही मुलाला पायऱ्या लिहायला सांगतो. धाकट्या बहिणीला गोष्ट वाचून दाखवणं, शेजारच्या काकूंना निरोप सांगणं, फोन उचलणं, वर्गात हात वर करणं. क्रम त्याचा. कुठली पायरी आधी हे आम्ही ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नका.

दहा वर्षांच्या एका मुलीने सगळ्यात वरच्या पायरीवर लिहिलं होतं: हजेरी. आपला नंबर जवळ येईपर्यंत तिचे हात गार पडत. तिच्या सांगण्यावरून आम्ही वर्गशिक्षिकांशी बोललो, आणि काही दिवस हात वर केला तरी चालेल असं ठरलं. चार महिन्यांनी तीच म्हणाली, मला वर्गाला सांगायचंय. दोन मिनिटं बोलली, चांगली पाच-सहा वेळा अडली. मुलांनी विचारलं, "दुखतं का?" "गाणं म्हणताना का नाही होत?" दोन्ही उत्तरं तिने तयार ठेवली होती. हजेरीला ती अजूनही कधीकधी अडते. हात मात्र वर करत नाही, "हजर" म्हणते.

शाळेत काय सांगायचं, कुणाला सांगायचं हे आम्ही मुलाला विचारूनच करतो. चिडवाचिडवी चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. तिथे पायऱ्यांची वाट पाहायची नाही, शाळेशी लगेच बोलायचं.

पहिल्या भेटीला येताना

घरातल्या साध्या बोलण्याचं चार-पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग फोनवर आणा. चोरून करू नका, मुलाला विचारून करा. काही दिवस चांगले आणि काही वाईट जातात, तेव्हा शक्य असल्यास दोन्ही दिवसांचं आणा. केव्हा सुरू झालं, कधी वाढतं, कुणाशी बोलताना कमी होतं हे कागदावर लिहून आणलंत तर मुलासमोर त्याच्याबद्दल बोलत बसावं लागणार नाही. घरात दोन-तीन भाषा बोलत असाल तर त्यातली एकही बंद करू नका.

मुलाला काय सांगून आणायचं? खरं तेच. "तुझ्यासारखं बोलणाऱ्या मुलांना भेटणारी माणसं आहेत, आपण त्यांच्याकडे जातोय." पहिल्या दिवशी आम्ही त्याला काही बोलून दाखवायला लावणार नाही. खेळ असतील, कागद-रंग असतील. बोलावंसं वाटलं तर ते बोलेल, आणि आम्हाला घाई नसेल.