बारीक मानेचा भुंगेरा

पावसाळा सरत आला की भेंडी, चवळी, मुगाच्या फुलांवर एक काळा भुंगेरा दिसू लागतो. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर, पंखांवर नारिंगी आडवे पट्टे, चाल सुस्त. मुलं त्याला सहज चिमटीत धरतात, आणि नेमकं तेच करायचं नाही. हा ब्लिस्टर बीटल.

अनोळखी किडा दिसला की आपण रंग बघतो. मी म्हणेन, आधी पाठ बघा. पंखांची दोन कवचं मधोमध सरळ रेषेत जुळत असतील तर तो भुंगेरा. पाठीवर त्रिकोण आणि मागे पंखांची टोकं एकमेकांवर चढलेली असतील, तर तो बहुधा ढेकणांच्या गणातला. मग मान बघा. ब्लिस्टर बीटलचं डोकं रुंद, मान बारीक, कवच चामड्यासारखं मऊ. भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख प्रजातींची नोंद झाली आहे. त्या कोण लक्षात ठेवणार? ही मान मात्र लक्षात राहते.

याला दाबलं की पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब येतो. त्यात कँथरिडिन हे फोड आणणारं रसायन असतं. पिएर रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१० मध्ये ते वेगळं काढलं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना जोडणारे दुवे त्याने सुटतात, तिथे पाणी साठतं आणि फोड येतो. तोही काही तासांनी, त्यामुळे पुष्कळदा कारण कळतच नाही.

पावसाळी रात्री दिव्याकडे येणारा पिडेरस हा दुसरा भुंगेरा तर मुंगीएवढा, केशरी-काळा. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्यातल्या पेडेरिन या विषामुळे भाजल्यासारखा लांबट चट्टा उठतो. मानेवर काही वळवळलं की चापट मारायची सवय इथे महागात पडते. त्याला फुंकर मारून उडवा किंवा कागदावर चढू द्या.

किडा नीट बघायचा तर काचेचा ग्लास पालथा घाला, खालून पोस्टकार्ड सरकवा. फोटो वरून, बाजूने आणि समोरून घ्या. मिशा स्पष्ट दिसायला हव्यात, आणि तो ज्या झाडावर होता त्याचाही फोटो हवा. ओळखणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

चुकून हात लागलाच तर डोळे चोळू नका, साबणाने हात धुवा. आलेला फोड फोडू नका. डोळ्यात रस गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

आणि दिसला की मारायचीही घाई नको. ब्लिस्टर बीटल फुलं खातो हे खरं, पण त्याच्या अळ्या जमिनीतली नाकतोड्यांची अंडी फस्त करतात. पिकावर फारच झाले तर हातमोजे घालून वेचावेत.