जॉर्जटाउन पायी फिरण्याआधी

मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउनमध्ये पायी निघालेला माणूस आधी गोंधळतो तो बीच स्ट्रीटवर. नाव किनाऱ्याचे, आणि समुद्राचा पत्ता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भराव घालून समुद्र मागे हटवला, बाहेर ‘वेल्ड की’ हा धक्क्याचा रस्ता झाला आणि जुना किनारा बँकांच्या इमारतींत बुजला. १७८६चा इंग्रजी झेंडा, जकातमुक्त बंदर, चिनी-तमिळ व्यापारी हे सगळे माहितीपत्रकांत असतेच.

चालायची वाट म्हणजे ‘काकी लीमा’. मलयमध्ये काकी म्हणजे पाय, आणि फूटही. लीमा म्हणजे पाच. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा घरांच्या ओळीपुढची ही छपराखालची पडवी. ती नेमकी पाच फूट असतेच असे नाही. जागा घरमालकाची, वहिवाट सगळ्यांची; त्यामुळे कुठे मोटरसायकली, कुठे टेबले, कुठे जमिनीलगतचे लाल देवघर आणि त्यात धुमसणाऱ्या उदबत्त्या. मध्येच कोणी भिंत घातलेली असते, मग उन्हात रस्त्यावर उतरावे लागते.

ही घरे टिकली ती वारशाच्या प्रेमापोटी नव्हे, भाड्यापोटी. १९६६च्या कायद्याने ३१ जानेवारी १९४८पूर्वीच्या इमारतींची भाडी नियंत्रणात आणली. पागडीच्या घरात वाढलेल्याला पुढचे सांगायला नको: मालक डागडुजी करीना, भाडेकरू जागा सोडीना. त्यात १९६९मध्ये बंदराची जकातमाफी गेली. पडझड होत राहिली, पण पाडापाडी झाली नाही. टोपल्या विणणारे, पाट्या कोरणारे जागच्या जागी राहिले.

कायदा १९९७मध्ये रद्द झाला, आणि संक्रमणाची मुदत संपून १ जानेवारी २०००पासून भाडी मोकळी झाली. मालकांची तक्रार खोटी नव्हती. दशकानुदशके त्यांना नाममात्र भाडे मिळत होते. पण मुदत म्हणजे सोय नव्हे. भाडेकरूंनी आवाज उठवला, तरी भाडी कित्येक पटींनी चढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे बाहेर पडली. शहर माणसांनी भरलेले असताना ते वाचवायची घाई कोणाला नव्हती. जागतिक वारसा यादीत नाव लागले ते २००८मध्ये, मलाक्कासोबत. तोवर अनेक माड्या रिकाम्या झाल्या होत्या.

आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलवरच्या दोन मुलांच्या चित्रापुढे फोटोसाठी रांग लागते. ते चित्र २०१२चे. त्याच्या आधीचा थर पाहायचा तर मान वर करावी लागते. रिकाम्या माड्यांत पाकोळ्या पाळत. त्यांची लाळेची घरटी सूपासाठी महागात विकली जात. त्यासाठी खिडक्या विटांनी बुजवत, पाखरांपुरती भोके ठेवत आणि भोंग्यावर दिवसभर चिवचिवाट लावत. यादीत नाव आल्यावर हा धंदा शहरातून हलवायला लावला. एखाद्या माडीच्या खिडकीत अजून विटा दिसल्या, तर त्या बहुधा पाकोळ्यांच्या त्या वर्षांतल्या.