एपिडॉरस: अस्क्लेपिओसच्या क्षेत्राची पार्श्वभूमी

ग्रीसच्या पेलोपोनेस भागात, आर्गोलिस प्रांतातील एपिडॉरस येथे आज पर्यटक जातात ते मुख्यतः तेथील नाट्यगृह पाहण्यासाठी. परंतु हे 55 ओळींचे प्रेक्षागृह ज्या देवस्थानाच्या उत्सवांसाठी उभे राहिले, ते मुळात रोग्यांचे क्षेत्र होते. जवळच्या किनॉर्शन टेकडीवर अपोलोची उपासना आधीपासून चालत असे. पुढे इ.स.पू. सहाव्या शतकात त्याचा पुत्र, वैद्यकाचा देव अस्क्लेपिओस, पायथ्याच्या सपाटीवर स्थिरावला आणि हळूहळू पित्यापेक्षाही अधिक प्रसिद्धी पावला. इ.स.पू. 430 मध्ये अथेन्समध्ये भीषण साथ आली आणि 420 मध्ये तेथे या देवाची स्थापना झाली. चौथ्या शतकात एपिडॉरसला मोठी बांधकामे निघाली. वास्तुकार थिओडोटोसने बांधलेल्या मंदिराचा खर्च, मजुरीसुद्धा, दगडावर कोरून ठेवलेला आहे.

येथील मुख्य विधी झोपण्याचा होता. स्नान करून, बळी देऊन रोगी रात्री ‘अबाटोन’ नावाच्या दालनात निजत आणि स्वप्नात देव येऊन बरे करील, अशी वाट पाहत. बरे झालेल्यांच्या हकिकती शिलांवर कोरल्या जात. इ.स. दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसानिअसने अशा सहा शिला पाहिल्या होत्या. 1881 पासून पानायोटिस काव्हाडियास यांनी केलेल्या उत्खननात त्यांतील काही हाती लागल्या, आणि देवस्थानाचे सामाजिक जीवन कळते ते मुख्यतः त्यांवरूनच. मुतखड्याने त्रासलेल्या युफानीस या मुलाला देव विचारतो, ‘बरे केले तर काय देशील?’ मुलगा म्हणतो, ‘दहा फासे’. देव हसतो आणि त्याला बरे करतो. एका हमालाच्या हातून धन्याचा पेला फुटतो, तोही सांधून मिळतो. अथेन्सची एका डोळ्याने आंधळी अँब्रोसिया या हकिकतींची थट्टा करते. तिला दृष्टी मिळते, पण अज्ञानाची खूण म्हणून चांदीचे डुक्कर वाहावे लागते. थासोसचा हर्मोन दृष्टी आल्यावर नवस फेडत नाही, म्हणून पुन्हा आंधळा होतो आणि परत आल्यावरच देव त्याला बरा करतो. या हकिकती देवस्थानानेच निवडून कोरलेल्या असल्याने रिकाम्या हाताने परतलेल्यांची नोंद त्यांत सापडणार नाही, हे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे. तरीही मूल, स्त्री, हमाल आणि परगावचा माणूस यांना एकाच शिलेवर जागा मिळावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

क्षेत्राला मोठा राबता असे. दर चार वर्षांनी स्पर्धा भरत, बळीचे मांस हद्दीच्या आतच संपवावे लागे आणि यात्रेकरूंसाठी 160 खोल्यांची धर्मशाळा होती. इ.स.पू. 293 मध्ये रोमला साथीने ग्रासले, तेव्हा तेथील दूतांनी एपिडॉरसहून देवाचा पवित्र सर्प नेला आणि टायबर नदीच्या बेटावर मंदिर उभारले. इ.स.पू. 86 मध्ये मात्र रोमचाच सेनापती सुल्ला याने एपिडॉरसचा खजिना लुटला.

पवित्र हद्दीत जन्म आणि मृत्यू दोन्ही वर्ज्य होते. पाच वर्षे गरोदर असलेली क्लिओ हद्दीबाहेर पडताच प्रसूत झाली, असे शिलालेख सांगतो, तो या नियमाला धरूनच. प्रत्यक्षात मात्र प्रसूतीला टेकलेल्या स्त्रियांवर आणि मरणोन्मुख रोग्यांवर उघड्यावर पडून राहण्याची वेळ येई. पॉसानिअसच्या काळात अँटोनिनस नावाच्या रोमन सिनेटरने त्यांच्यासाठी स्वतंत्र घर बांधून दिले, तेव्हा कुठे ही गैरसोय दूर झाली.