बॅकअप सर्व्हरवरचा जुना इंटरफेस: काढणं एवढं किचकट का झालं?

बॅकअप सर्व्हरला, म्हणजे बाकी मशीनच्या डेटाच्या प्रती साठवणाऱ्या सर्व्हरला, दोन-दोन, तीन-तीन नेटवर्क कार्डं (सिस्टिमला ती ‘इंटरफेस’ म्हणून दिसतात) का असायची, ते आधी आकड्यांतच बघू. १०० एमबीपीएसच्या लाइनवर कितीही जोर लावला तरी सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर काही जात नाही, म्हणजे एक टीबी हलवायला बावीस तास, म्हणजे शुक्रवारी रात्री लावलेला फुल बॅकअप शनिवारी संध्याकाळपर्यंत लॅन (आतलं नेटवर्क) अडवून बसणार. म्हणून बॅकअपला वेगळं कार्ड, वेगळा स्विच, वेगळा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) अशी पद्धत पडली. गिगाबिट आल्यावर तोच टीबी सव्वादोन तासांत जायला लागला तरी पद्धत काही सुटली नाही. मग १० गिगाबिट आलं, एकाच कार्डावर व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) टाकून सगळं भागायला लागलं आणि जुनी कार्डं बिनकामाची झाली. केबल काढली जाते, फाइलमधलं कॉन्फिग मात्र वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

आपल्या कामाची गोष्ट २००० च्या आसपासची, डेबियन लिनक्समध्ये आयएफअपडाउन (इंटरफेस चालू-बंद करणाऱ्या आयएफअप, आयएफडाउन या कमांड) आणि त्याची ती इंटरफेसेस फाइल (कुठल्या कार्डाला कुठला आयपी वगैरे कॉन्फिग) आली तेव्हाची. त्यात एक गोम आहे जी आजही लोकांना नडते: आयएफडाउनसुद्धा तीच फाइल वाचतं. कुठला रूट (डेटा जायचा मार्ग) काढायचा, पोस्ट-डाउनला, म्हणजे बंद झाल्यावर, काय चालवायचं, हे सगळं त्याला फाइलमधूनच कळतं. तुम्ही आधी ईएनओ२ च्या, म्हणजे जुन्या कार्डाच्या, चार ओळी उडवल्या आणि मग आयएफडाउन मारलं तर ते म्हणणार, असला इंटरफेस मला माहीतच नाही. आयपी तिकडे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जिवंत. तोच सबनेट आता १० गिगाबिटच्या व्हीलॅनवर नेला असेल तर आणखी मजा, कारण रूटिंग टेबलमध्ये जुन्या कार्डाची नोंद आधीची असेल तर उत्तरं त्या केबल नसलेल्या कार्डाकडेच जातात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नवीन स्विचच बोगस आहे. म्हणून जुन्या आयएफअपडाउनवर क्रम एकच, आधी डाउन, मग ओळी काढा. उलटं झालंच तर आयपी हातानं फ्लश करा, म्हणजे काढून टाका.

त्यात भर अलाउ-हॉटप्लगची. इन्स्टॉलर मुख्य कार्डाला ऑटो (बूटला चालू कर) न लिहिता अलाउ-हॉटप्लग (कार्ड सापडलं की चालू कर) लिहून ठेवायचा, आणि नेटवर्किंग रीस्टार्ट केलं की बंद सगळे इंटरफेस व्हायचे पण चालू फक्त ऑटोवाले. म्हणजे काढायचा होता ईएनओ२ आणि गेला ईएनओ१, ज्यावरून तुम्ही एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत होतात! एके काळी ती स्क्रिप्ट स्वतःच इशारा छापायची की काही इंटरफेस परत चालू होणार नाहीत, पण तो वाचेपर्यंत सेशन गेलेलं असायचं.

इंटरफेसच्या नावांचा घोळ २०१३ पासून सिस्टमडीने (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारं सॉफ्टवेअर) बराच कमी केला, ईटीएच० जाऊन ईएनपी३एस० वगैरे आलं. मात्र हे नाव स्लॉटवरून ठरतं, त्यामुळे कॉन्फिगबरोबर कार्डही उपसून काढलं तर बसचे (स्लॉट जोडणाऱ्या मार्गाचे) नंबर सरकून शेजारच्या चालू कार्डाचं नाव बदलू शकतं. कॉन्फिग काढा, कार्ड राहू दे, घाई काय आहे.

खरा वाद नंतरचा. फाइलमधून एखादी गोष्ट गायब झाली तर टूलने ती चालू सिस्टिममधूनही काढायची की नाही? २०१४ मध्ये आलेल्या आयएफअपडाउन२ ने सरळ हो म्हटलं. ते मागची स्थिती जपून ठेवतं, आयएफरीलोड मारलं की फरक काढतं आणि जे फाइलमध्ये उरलं नाही ते खाली आणतं. यावर लोक चिडले, कारण हातानं टाकलेला आयपीही त्या झाडलोटीत जातो. जाऊ दे की, फाइलमध्ये नसलेला आयपी प्रॉडक्शनवर ठेवायचाच कशाला? उबंटू लिनक्सने १७.१० पासून नेटप्लॅन हे टूल आणलं आणि त्याने नेमकं उलटं धरलं: यामलमधून (त्याच्या कॉन्फिग फाइलमधून) ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) किंवा बाँड (अनेक कार्डं जोडून केलेलं एक) काढून अप्लाय केलं तरी आधी तयार झालेलं ते डिव्हाइस तसंच राहतं. सावधगिरी म्हणा हवं तर, पण मग फाइल एक सांगते आणि मशीन दुसरंच, आणि खरं काय ते रीबूटला कळतं, तेही बहुतेक रात्री. नेटप्लॅन ट्राय मात्र चांगली सोय आहे, १२० सेकंदांत एंटर नाही मारला तर जुनं परत येतं (राउटरवाल्यांकडे अशीच सोय, कमिट कन्फर्म्ड, कधीपासून आहे, सर्व्हरवाल्यांना एवढा उशीर का लागला देव जाणे). पण बाँड-ब्रिजचे खास पॅरामीटर असले की ट्राय हात वर करतं, डायरेक्ट अप्लाय करा म्हणतं, आणि बॅकअप सर्व्हरवर बाँड नसतो असं क्वचितच.

२०२० च्या प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरने (डेबियनवर चालणारं बॅकअपचं सॉफ्टवेअर) मधला मार्ग घेतला. इंटरफेस रिमूव्ह केला की बदल आधी इंटरफेसेस डॉट न्यू फाइलमध्ये जातो, फरक स्क्रीनवर दिसतो, अप्लाय केल्यावर आतून आयएफरीलोडच चालतं. साध्या डेबियनवर नंतर बसवलं असेल तर आयएफअपडाउन२ वेगळं टाकावं लागू शकतं, हे बघून घ्या. आणि तिथला रिव्हर्ट फक्त पेंडिंग बदल फेकून देतो, एकदा लागू झालेलं परत आणत नाही, त्यामुळे आयपीएमआय कन्सोल (नेटवर्क गेलं तरी मशीनपर्यंत पोचायची वेगळी वाट) उघडा ठेवूनच बटण दाबा.

यातल्या एकाही टूलला हे माहीत नसतं की तो आयपी अजून कोण वापरतंय. एखाद्या एजंटमध्ये (बॅकअप पाठवणाऱ्या मशीनवरच्या प्रोग्राममध्ये) जुना आयपी हातानं लिहिलेला असतो आणि तो महिन्यातून एकदाच धावतो, म्हणून त्या आयपीवरची कनेक्शन निदान एक पूर्ण महिना बघायची. डेटास्टोअर (बॅकअप ठेवायची जागा) त्या कार्डावरून एनएफएसने (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क), हार्ड माउंटवर (उत्तर येईपर्यंत वाट बघत राहणारी जोडणी) लावलेला असेल तर आधी अनमाउंट, मग इंटरफेस, नाहीतर प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत थिजलेल्या अवस्थेत) अडकतात आणि साधा अनमाउंटही लटकून राहतो.