किंग दिनामागचा मेम्फिसचा संप

जानेवारीतला तिसरा सोमवार ही अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. त्या दिवशी त्यांच्या १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चातल्या भाषणातली ‘माझे एक स्वप्न आहे’ ही ओळ सगळीकडे ऐकू येते. तो मोर्चा ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ यांसाठी होता, आणि त्यात नोकऱ्या आधी होत्या, हे मात्र विसरले जाते. किंग यांची हत्या झाली तेव्हा ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला आले होते, हेही फारसे कोणी सांगत नाही.

१ फेब्रुवारी १९६८, टेनेसी राज्यातले मेम्फिस शहर. पाऊस जोरात लागला म्हणून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे कृष्णवर्णीय कामगार कचरागाडीच्या मागच्या पिंपात, कचरा दाबणाऱ्या यंत्राशेजारी आडोशाला शिरले. यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडले गेले. जुन्या गाड्या बदला, असे कामगार आधीपासून सांगत होते. १२ तारखेला सुमारे १,३०० जणांनी काम बंद केले. पगारवाढ, युनियनला मान्यता आणि वर्गणी पगारातूनच कापून घेणे या मुख्य मागण्या. यातली शेवटची किरकोळ वाटेल, पण घोडे तिथेच अडले. वर्गणी दर महिन्याला माणसामागे फिरून गोळा करायची म्हटले की युनियन खिळखिळी होते, आणि महापौर हेन्री लोब या कपातीला काही केल्या तयार होईनात. संपकऱ्यांच्या फलकांवर एवढेच लिहिलेले असे: ‘मी माणूस आहे’.

१९५९च्या भारतभेटीत केरळमधल्या एका शाळेत आपली ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली गेली, आधी धक्का बसला, मग ते पटले, असे किंग यांनीच पुढे एका प्रवचनात सांगितले होते. कचरा उचलणाऱ्यांच्या संपात ते का उतरले, ते आपल्याकडच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

४ एप्रिल १९६८ला मेम्फिसमधल्या लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली. १६ एप्रिलला तडजोड झाली; युनियनला मान्यता मिळाली, पगारही वाढले.

हत्येनंतर चौथ्याच दिवशी खासदार जॉन कॉन्यर्स यांनी सुट्टीचे विधेयक मांडले. ते मंजूर व्हायला १५ वर्षे लागली. भरपगारी सुट्टीचा खर्च आणि कोणतेही सरकारी पद न भूषवलेल्या माणसाच्या नावाने सुट्टी, हे मुख्य आक्षेप. १९७९मध्ये कनिष्ठ सभागृहात दोन-तृतीयांश बहुमताला पाच मते कमी पडली. १९८३मध्ये १५ जानेवारी या जन्मतारखेऐवजी सोमवार ठरवला आणि सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २२ मतांनी कायदा झाला. पहिली सुट्टी २० जानेवारी १९८६ची.

पण हा कायदा फक्त केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू होता. राज्यांना आपापला निर्णय घ्यायचा होता. ॲरिझोनाच्या मतदारांनी १९९०मध्ये सुट्टी नाकारली, तेव्हा १९९३चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, तिथून हलवला गेला. १९९२मध्ये त्यांनी ती मान्य केली. साउथ कॅरोलायनाने २००० साल उजाडू दिले. अलाबामा आणि मिसिसिपीत तर त्याच सोमवारी, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांचीही जयंती पाळली जाते.